गोठ्यात ठेवलेली डबी

१९४४ साल, आश्विन शुद्ध पंचमी. घटाला पाचवी माळ घालून झाली होती आणि मी चुलीपुढं बसून उपासाचे शेंगदाणे भाजत होते. लढाईमुळं साबुदाणा गावात दिसत नव्हता, तेव्हा भगर आणि शेंगदाणे यांवरच नऊ दिवस काढायचे होते. घरात सासू आणि आम्ही दोघी जावा, तिघी उपाशी. त्यामुळं तिघींचीही डोकी तापलेली. धाकटी जाऊ माझ्या शेजारी सुपात भगर निवडत होती आणि निम्मे खडे तसेच ठेवत होती. मी तसं म्हटलं.

"दिसत न्हाईत तर काय करू?" ती म्हणाली. "तुमीच निवडा अक्का. तुमाला सगळ्यांचंच खडं दिसत्यात."

मी तोंड उघडणार तोच तिच्या हातातलं सूप उडालं. ती ताठ झाली, घशातून एक आवाज निघाला आणि ती सरळ चुलीवर कोसळली. कढई उलटी झाली. तिचा उजवा कोपर निखाऱ्यात गेला आणि तिथंच झटके खाऊ लागला. मी तिला कमरेला धरून मागं ओढलं, कुशीवर केलं, पदरानं हातावरची राख झाडली आणि विखुरलेले निखारे पायानं बाजूला सारले. अनवाणी पायानं, कारण नवरात्रात पायात काही घालायचं नाही.

पाच महिन्यांत तिला एकदाही फेफरं आलं नव्हतं.

सासूबाई देवघरातून आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्यामागून शेजारीण आली. तिला आमच्या घरातला प्रत्येक आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. धाकटीचे झटके थांबले होते, तोंडाला फेस होता आणि ती घोरल्यासारखा श्वास घेत होती. कोपराचं कातडं सोलून निघालं होतं.

आत्याबाईंनी कोपराकडं पाहिलं. "बघ," त्या शेजारणीला म्हणाल्या. "देवीनं सोताच्या हातानं डाग दिला. एक दिला. आता राहिल्याले आपुन द्यायचं."

शेजारणीनं हात जोडले. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

धाकटी आमच्या घरात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. लहानपणी ताप डोक्यात गेला तेव्हापासून तिला महिन्या-दोन महिन्यांनी फेफरं यायचं, आणि तिच्या माहेरच्यांनी ते लपवून तिला आमच्यात दिली. त्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. लग्नानंतर विसाव्या दिवशी ती विहिरीच्या काठावर पडली. तिथून पुढं आमच्या घरात जे झालं त्यात धाकटीचा समोरचा एक दात गेला, कारण कुणीतरी दातखिळीत पळी घातली. मिरच्यांची धुरी झाली. हातात किल्ल्या, नाकाला चप्पल, नाहीतर फोडलेला कांदा. फेस अंगाला लागला की आपल्यालाही रोग होतो म्हणून तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. ते ताट घासायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला काही झालं तरी कुणाची हरकत नव्हती.

आमचं दोघींचं पटत नव्हतं, हे सांगितलेलं बरं. मी लोणी चोरून खाते असं तिनं आत्याबाईंना सांगितलं होतं. (मी खात होते. काम करणारी मी होते.) माझे यजमान सोलापूरला गिरणीत होते, सणावाराला यायचे, त्यामुळं घरात माझ्या बाजूचं कुणी नव्हतं. असल्या घरात जाऊबद्दल माया वाटायला सवड नसते. तिला दवाखान्यात न्यायचं मीच काढलं, पण त्यात माया नव्हती. ती पडली की तिचं काम माझ्यावर पडायचं, आणि ती पाण्याजवळ पडली तर मेली असती, आणि मग सगळा गाव आमच्या दारात बसला असता.

वैशाखात धाकट्या दिरानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गाडी जुंपली आणि आम्ही धाराशिवला सरकारी दवाखान्यात गेलो. आत्याबाई पहाऱ्याला बरोबर आल्या. डॉक्टर हैदराबादकडचे होते, जाडजूड आणि सकाळपासूनच चिडलेले. त्यांनी धाकटीचं तोंड उघडून पाहिलं आणि आमच्यावरच ओरडले.

"दाँत कौन तोड्या इसका?"

आत्याबाईंनी पदर पुढं ओढला.

"नाक कू जूता लगाते? मुँह में चमचा घुसाते? कुच्छ नक्को करो. करवट पे लिटाओ, आग-पानी से दूर रक्खो, बस. ये जिन नहीं है. दिमाग की बीमारी है. दमा होता ना किसी कू, वैसीच."

आत्याबाई पुढं सरकल्या. "डाग दिला तर?"

"दमे वाले कू दागते क्या तुम?"

"दागतो की!" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या दिराला छातीवर तीन दिलं हुतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं आणि आत्याबाईंनी ते पाहिलं. त्याची परतफेड पुढं महिनाभर चालली.

डॉक्टरांनी पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या. रोज एक, झोपायच्या आधी. एक दिवसाचाही खाडा नको; खाडा झाला तर आधीपेक्षा वाईट होईल. वर्षानुवर्षं खावी लागेल. उपाशी ठेवू नका, जागरण करू देऊ नका. हे सगळं ते दोनदा बोलले आणि उर्दूत चिठ्ठीवर लिहूनही दिलं. आमचे दीर उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि टोपीत ठेवली. गोळ्यांची पत्र्याची चपटी डबी माझ्याकडं आली, कारण धाकटी विसरली असती आणि आत्याबाईंनी ती चुलीत घातली असती.

पहिला महिना धाकटी जात्यावर बसल्या-बसल्या झोपायची. दळण माझ्यावर आलं. मी तिला खूप बोलले. पण फेफरं थांबलं. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावणात ती झोक्यावर बसली आणि पडली नाही. गोळी खरंच काम करत होती, आणि ती रोज रात्री तिच्या जिभेवर मी ठेवत होते.

परवा आमच्या गल्लीत शाळेत जाणाऱ्या एका मुलीला भर रस्त्यात झटका आला. भोवती चार शिकलेल्या बायका होत्या आणि चौघीही चप्पल कुणाची घ्यायची याचा वाद घालत होत्या. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर या गोष्टीत मी चांगली दिसत नाही.

तर ती पंचमी. आत्याबाई म्हणाल्या, "उचला तिला, अंगणात न्या, चप्पल हुंगवा."

शेजारीण चप्पल शोधायला वळली आणि थांबली. चप्पल नव्हती. घट बसायच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं चामडं बाहेर जातं: चपला, चाबूक, मोट. कांदा-लसूणही जातो. मग शेजारीण कांदा शोधू लागली. तोही नव्हता. फेफऱ्यावरची त्यांची दोन्ही औषधं देवीनंच घराबाहेर काढली होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं असतं, पण आत्याबाई माझ्यावर खेकसल्या, "हुबी काय ऱ्हायलीस? गोठ्यातनं आण!"

चप्पल नको हे मला ठाऊक होतं. पण धाकटी कुशीवर होती, श्वास नीट चालला होता आणि मला चुलीपाशी भांडण नको होतं. मी गोठ्यात गेले. भिंतीतल्या फळीवर मीच सगळं सामान रचलेलं. चपला. कांद्याची टोपली. लसणाची गड्डी. आणि त्यांच्यामध्ये पत्र्याची चपटी डबी.

ती मीच तिथं ठेवली होती.

दवाखान्याच्या औषधात दारूचा अंश असतो, ते कुणाकुणाच्या हातचं असतं, म्हणून घटाच्या घरात ते चालत नाही. हा आमच्याकडचा नियम, आणि घट बसायच्या आदल्या दिवशी सारवण, धुणं, आवरणं एकटीनं करताना मी नियमानं सगळं बाहेर काढलं. डबी हातात आली तेव्हा मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी मनात म्हटलं, पाच महिने काही झालं नाही, नऊ दिवसांनी काय होतंय. शिवाय त्यावरून आत्याबाईंशी वाद घालण्याची ताकद नव्हती. मी डबी कांद्याशेजारी ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. धाकटीनं विचारलंही नाही. गोळीनं झोप येते म्हणून तिला ती नकोच असायची. दिरानं विचारलं नाही. चिठ्ठी त्यांच्या टोपीत होती.

मी डबी उचलून कमरेला खोचली आणि हात हलवत परत आले.

"चप्पल कुठं हाय?" आत्याबाई म्हणाल्या.

"घावली न्हाई."

दुपारी तिला दुसरं फेफरं आलं, ओसरीत. दोन्हींच्या मध्ये ती धड शुद्धीवर आली नव्हती. आत्याबाईंनी तोवर पलीकडच्या वस्तीवर निरोप धाडला होता. तिथं एक म्हातारा डाग द्यायचा. बैलाच्या खांद्याला, पोराच्या पोटाला, माणसाच्या डोक्याला, सळई तीच. तो उद्या सकाळी येणार होता. दोन्ही कानशिलं आणि टाळू. डाग भरून आले की तिच्या बापाला बोलावून तिला कायमची माहेरी लावायची आणि तुळशीचं लग्न झालं की दिराला दुसरी बघायची. हे सगळं ओसरीत, तिच्या उशाशी बसून ठरत होतं. दीर खांबाला टेकून पायाच्या नखाकडं बघत होते.

दुपार कलल्यावर धाकटी उठून बसली. मी तिला परसाकडला नेते म्हणून हाताला धरून उठवलं आणि गोठ्यात नेलं.

डबी उघडून गोळी तिच्यापुढं धरली. "गिळ."

"नवरात्र हाय." तिची जीभ चावलेली होती, शब्द जड येत होते. "देवी कोपंल."

"कोपली तर माझ्यावर कोपंल. डबी म्या ठिवली हितं."

तिला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी तुमीच," ती म्हणाली. "तुमाला मी नगंच हुते."

"नगं असतीस तर चुलीतनं कशाला काढली असती? गिळ आता."

"पाच दिस. पाच दिस तुमाला आठवलं न्हाई?"

"आठवलं हुतं," मी म्हणाले.

हे खोटं सांगता आलं असतं. पण खोटं ऐकून तिनं गोळी घेतली असती असं मला वाटलं नाही. तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली, पाण्याशिवाय गिळली आणि माझ्या पायाशेजारी थुंकली. रक्त होतं थुंकीत. माझ्या तोंडात शिव्या येत होत्या, तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

एका गोळीनं काम होणार नव्हतं. मला तेव्हा औषधातलं काही कळत नव्हतं; पण दिवसात दोनदा येणं हे आधी कधी झालं नव्हतं आणि डॉक्टर म्हणाले होते, आधीपेक्षा वाईट होईल. तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. आणि डाग थांबवायचा तर आत्याबाईंपुढं बोलायला हवं होतं. देवीनं औषध हाणून पाडलं, असं त्यांचं म्हणणं. औषध पोटात गेलंच नव्हतं, हे फक्त मीच सांगू शकत होते.

मी डबी घेऊन ओसरीत आले. शेजारीण होतीच. तिची जाऊही आली होती. बरं झालं, मी म्हटलं, एकदाच सांगते.

"आत्याबाई, देवी कोपली न्हाई. गोळी बंद झाली म्हणून झालं. घट बसल्यापासनं तिला गोळी न्हाई. म्या डबी गोठ्यात ठिवली. चूक माझी हाय."

मग शेजारीण म्हणाली, "अगं बया! जाऊला जाऊच नडली."

"तू गप," मी म्हणाले. "भावजी, चिठ्ठी काढा."

दीर दचकले. "कंची?"

"टोपीतली. डॉक्टरनं लिव्हल्याली. वाचा आईपुढं."

त्यांनी टोपी काढली. चिठ्ठीची घडी घामानं पिवळी पडली होती. ते वाचताना अडखळत होते, आणि लिपी येत नाही म्हणून अडखळत नव्हते. "रोज एक. सोने से पहले. एक दिन भी नागा नहीं. नागा हुआ तो..." ते थांबले.

"फुडं वाचा."

"नागा हुआ तो दौरे बढ़ेंगे, जान का खतरा है."

"मराठीत सांगा त्यांना."

"खाडा झाला तर मरंल," दीर खाली बघत म्हणाले.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. पाच दिवस त्यांच्या डोक्यावर, टोपीत, हे लिहिलेलं होतं आणि त्यांनी बायकोला एकदा विचारलं नाही की गोळी घेतलीस का. मी चुकले होते. पण मी कामात बुडून चुकले होते. ते तर नुसते बसून होते.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या असं लोक म्हणतात. लोक आमच्या घरात राहत नव्हते. त्या म्हणाल्या, "बरं. म्हंजी तूच तिला खाल्लीस. आता दसऱ्याला माझा ल्योक येऊ दे सोलापूरहून, त्याला सांगते कसली बायकू केली." मग त्या शेजारणीकडं वळल्या. "आन् डाग उंद्याच द्यायचा. कागदात काय बी लिव्हल्यालं असतंय."

"उद्या मी तिला धाराशिवला नेणार," मी म्हणाले.

"नवरात्रात? घट सोडून? गाडी कोण हाकणार?"

मी दिराकडं पाहिलं. ते म्हणाले, "वैनी, मला घटापुढं बसायचं आसतंय. आई म्हणंल तसं."

"तुमी बसा," मी म्हणाले. "बसायचं तुमाला चांगलं जमतंय."

धाकटी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. माझ्याबद्दल तिला तेव्हा काय वाटलं ते तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, कुणाकडंही न बघता, "मला डाग नगं."

त्या घरात तीन वर्षांत तिला काय हवं-नको ते तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं, आणि आत्याबाई म्हणाल्या, "तुला कोण इचारतंय?"

संध्याकाळी तिसरं फेफरं आलं. ते आधीच्या दोन्हींपेक्षा लांबलं. मी तिला कुशीवर धरून बसले. शेजारीण किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली, तो मी तिच्या हातातून काढून अंगणात फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी बैल सोडून गाडीला जुंपले. बाईनं गाडी हाकलेली आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. पण माहेरी मी बापाबरोबर रानात राबलेली होते आणि बैलांना हाकणारा बाप्या आहे की बाई यानं काही फरक पडत नव्हता. गाडीत दोन वाकळा घातल्या, धाकटीला आडवी केली, डोकं चाकापासून लांब. तिच्या कोपराला खोबरेल लावून फडकं बांधलेलं होतं. दीर दारात आले, जुवाकडं पाहिलं, आत गेले. आडवे आले नाहीत, एवढंच त्यांचं कर्तृत्व.

डाग देणारा म्हातारा वेशीतच भेटला. पोत्यात गुंडाळलेली सळई काखेत होती.

"तुमच्याकडंच निघालो हुतो," तो म्हणाला. "कुणाला डागायचं हाय? बैलाला का माणसाला?"

"कुणालाच न्हाई. परत जावा."

"म्हातारीनं बलावलंय."

"मग म्हातारीला डागा," मी म्हणाले आणि बैलांना हाक दिली. मागून तो हसत होता की शिव्या देत होता ते चाकांच्या आवाजात कळलं नाही.

गाव मागं पडल्यावर मी कासरा गुडघ्याखाली धरून शेजारी ठेवलेल्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली. आत दिराच्या वाटची ज्वारीची भाकरी आणि बिनकांद्याचा झुणका होता. घटाच्या घरात उपास नसलेले ते एकटेच होते. तेवढं मी चोरलं.

"उठ. खा."

"उपास मोडंल," धाकटी म्हणाली.

"डॉक्टर म्हणाला उपाशी ठिवू नका. मोडू दे."

तिनं भाकरी घेतली. निम्मी खाल्ली. उरलेली निम्मी तिनं माझ्याकडं केली नाही, आणि मी मागितली नाही. येडशीच्या वाटेवर उन्हं चढत होती आणि धाराशिव अजून लांब होतं. मी बैलांच्या पाठीवर कासरा आपटला.